उपयोगाची भाषा

दिवाळीत जयसिंगपूरला भावाकडे गेले होते. पाडव्याला त्याने कापडाचे दुकान मुहूर्तापुरते उघडून बंद केले आणि दुपारी चहा झाल्यावर हिशेबाच्या वहीचे एक पान माझ्यासमोर सरकवले. पानाच्या मधोमध उभी रेघ होती. डावीकडे ‘जपानी’, उजवीकडे ‘कोरियन’. खाली त्याच्या टापटीप अक्षरांत फी, मुदत, परीक्षा, नोकरी अशी कलमे मांडलेली.

“अक्का, घरात भाषा शिकलेली तू एकटीच. तूच सांग, पुढं दहा वर्षांनी यातली कुठली कामाला येईल?”

प्रश्न त्याच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा होता. ती पुण्यात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि वसतिगृहात राहते. महाविद्यालयाच्या व्यापातून शनिवार-रविवार तेवढे मोकळे सापडतात. त्यांत एखादी परकी भाषा बसेल, दोन बसणार नाहीत. फीही एकाच भाषेची देता येईल, कारण तिच्या पाठचा भाऊ यंदा दहावीला आहे. वहिनीचा कल जपानीकडे होता. तिच्या माहेरच्या नात्यातला एक मुलगा नागोयाला नोकरीवर गेलेला आहे. मुलीचे मन कोरियनमध्ये गुंतलेले. मालिका पाहता पाहता तिने ती लिपी आपली आपणच शिकून घेतली होती. भावाचे मन कुठेच गुंतलेले नव्हते. दोन्ही मालांचा भाव एकदा कळावा, एवढीच त्याची अपेक्षा होती.

‘भाषा शिकलेली’ हे त्याने आदराने म्हटले खरे, पण मला ते किंचित बोचले. का, ते आधी सांगते.

१९८३ साली पदवीची परीक्षा देऊन मी पुण्यात रशियनच्या वर्गात नाव घातले. रशियनच का? कारण त्या दिवसांत कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळे. भिलाई आणि बोकारोचे पोलाद कारखाने सोव्हिएत मदतीने उभे राहिलेले होते. पुस्तकांच्या प्रदर्शनांत गुळगुळीत कागदाची सोव्हिएत पुस्तके आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीत मिळत. पुढच्याच एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले, तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटले गेले. पुढचे शतक या भाषेचे आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी अडीच वर्षे शिकले, सहा विभक्त्या घोकल्या, पानामागे पैसे घेऊन तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरेही काही काळ केली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि माझ्याकडे येणारी पाने एकेक करून थांबली. आज मला रशियन अक्षरे वाचता येतात. वाचलेल्याचा अर्थ लागेलच असे नाही.

मी ज्या वर्षी नाव घातले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. ती गाडी जपानी भागीदारीतली आहे हे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले होते. त्यावरून जपानी शिकावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. कोरियनचे तर नावही निघाले नसते. ह्युंदाईने भारतात पाऊल ठेवले ते १९९६ मध्ये.

त्या वर्गात माझी एक मैत्रीण होती. तिला उपयोगाचे काही पडलेले नव्हते. रशियन कथा मुळातून वाचायच्या, एवढ्याच हट्टापायी ती आली होती. ती आजही रशियन शिकवते, भाषांतरे करते आणि तिच्याकडे विद्यार्थी येतात. उपयोग झाला म्हणून ती टिकली, की टिकली म्हणून उपयोग झाला, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

म्हणून भावाचा प्रश्न मी हसून उडवून लावला असता, तर ते माझ्या सोयीचे होते. पण न्यायाचे झाले नसते. दुकानात दिवसभर उभा राहून तो मुलीला शिकवतो आहे. पैसे कुठे घालायचे हे विचारण्याचा अधिकार त्याचाच. तेव्हा पुण्याला परतल्यावर मी त्याच्या वहीतली कलमे आधी चोखपणे भरायची ठरवली.

जपानीची बाजू महाराष्ट्रात भक्कम आहे, हे प्रथमच सांगून टाकते. पुण्यात ही भाषा कित्येक वर्षे गंभीरपणे शिकवली जाते. शिक्षकांची दुसरी-तिसरी पिढी तयार झालेली आहे. जपानी भाषा प्राविण्य परीक्षा, जिला सर्व जण जेएलपीटी म्हणतात, तिची केंद्रे पुण्यात आणि मुंबईत आहेत. तिच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत आणि एन-१ सर्वांत वरची. प्रमाणपत्राला मुदत नाही. एकदा मिळाले की कायमचे. सुपे येथील औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी वेगळे क्षेत्र राखलेले आहे. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेमार्गामागे जपानी कर्ज आणि जपानी तंत्र आहे. शिवाय जपानला माणसे हवी आहेत. त्या देशाची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागली. २०१९ मध्ये त्यांनी ‘विशिष्ट कौशल्य’ असलेल्या परदेशी कामगारांसाठी नवा परवाना काढला आणि २०२४ पासूनच्या पाच वर्षांत या मार्गाने ८ लाख २० हजारांपर्यंत माणसे घ्यायचे ठरवले. भारताशी त्याविषयीचा करार २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, यंत्रकाम अशा क्षेत्रांत कौशल्याची परीक्षा आणि एन-४ च्या तोडीची भाषा एवढ्यावर तिथे जाता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत ५० हजार कुशल-अर्धकुशल भारतीयांना जपानमध्ये संधी देण्याचे उद्दिष्टही जाहीर केले आहे. माझ्या भाचीसारख्या अभियंत्यांचा मार्ग निराळा, पदवीच्या आधाराचा आहे. परंतु आपल्या गावांतून आयटीआय किंवा परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुलामुलींसाठी हे दार खरोखर उघडे आहे, हे या निमित्ताने वाचकांच्या कानावर घालते.

कोरियनच्या बाजूला असे दार नाही. तिथेही जन्मदर कमालीचा घसरला आहे. २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे जपानच्या १.२० पेक्षाही खूप कमी. माणसांची निकड त्यांनाही आहेच. कामगारांसाठी त्यांची ‘रोजगार परवाना’ पद्धत २००४ पासून चालू आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका येथील तरुण कोरियन भाषेची परीक्षा देऊन त्या वाटेने जातात. पण ज्या देशांशी कोरियाने यासाठी करार केले, त्यांत भारत नाही. काठमांडूतल्या मुलाला कोरियनचा जो रोकडा उपयोग आहे, तो कोल्हापूरच्या मुलाला नाही. ही एक गोष्ट मालिका पाहून भाषेकडे वळणाऱ्या आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. कोरियन प्राविण्याची परीक्षा, म्हणजे टोपिक, सहा पातळ्यांची आहे आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. पुण्यात कोरियनचे वर्ग आहेत, पण जपानीइतकी त्यांची मुळे खोल गेलेली नाहीत. पदवीपर्यंत कोरियन शिकायचे तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी जावे लागते.

तरी उजवी बाजू रिकामी आहे असे मात्र नव्हे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. माणगाव तालुक्यात पोस्कोचा पोलादी पत्र्याचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ह्योसंग ही कोरियन कंपनी स्पॅन्डेक्सचा धागा काढते. हे शेवटचे मी भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो एकदम सावध झाला. ताणल्यावर पुन्हा जागेवर येणाऱ्या ज्या लेगिंग्ज तो रोज विकतो, त्यांत याच जातीचा धागा असतो. “म्हणजे कोरिया आपल्या दुकानात आधीच आलाय की,” तो म्हणाला.

एवढे भरून झाल्यावर पानावर डावी बाजू जड दिसत होती. मी तसे त्याला कळवले आणि माझ्यापुरता निर्णय झाला असे धरून चालले.

त्या रविवारी भाची माझ्याकडे जेवायला आली. संध्याकाळी आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो. ओकायामा शहरातल्या प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केलेली आहे, म्हणून मुद्दामच नेले, हे कबूल करते. पाण्यातले रंगीत मासे पाहत तिने माझा सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला. मग विचारले, “आत्या, तुमच्या रशियनच्या वर्गात पहिल्या वर्षी किती जण होते?”

“पस्तीस-छत्तीस असतील.”

“आणि शेवटच्या वर्षी?”

“सात.”

ती पुढे काही बोलली नाही. मी मात्र रात्रभर त्याच आकड्याशी झगडत राहिले. कारण भावाच्या वहीत जे कलमच नव्हते, ते तिने बोलता बोलता मांडले होते. भाषेचा उपयोग पहिल्या पानापासून थोडा थोडा मिळत जात नाही. दुकानात मीटरभर कापड घेतले तर मीटरभराचा उपयोग होतो. भाषेचे तसे नसते. कचेरीत बसून काम करायचे तर जपानीची एन-३ आणि खरे म्हणजे एन-२ पातळी लागते. कोरियनची तिसरी-चौथी. त्याच्या अलीकडे थांबलेल्याला अभियंता म्हणून त्या भाषेचा पैसा सहसा मिळत नाही. दोन वर्षे शिकून एन-४ वर थांबलेली अभियंता आणि काहीच न शिकलेली अभियंता यांच्या पगारात फरक पडेलच, असे मी कोणालाही सांगणार नाही. म्हणजे ‘जपानी अधिक उपयोगी की कोरियन’ असे विचारण्यापूर्वी विचारायला हवे की या मुलीच्या हातून तिसऱ्या वर्षी कोणत्या भाषेची वही उघडली जाईल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, ती या दोन्ही भाषांना सर्वांत अवघड गटात घालते. ८८ आठवडे, २२०० तास. शनिवार-रविवारचे मिळून आठवड्याला सहा तास धरले, तर हा आकडा सात वर्षांवर जातो.

अर्थात तो हिशेब इंग्रजीत वाढलेल्यांचा आहे. मराठी माणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण यातला आनंद मला या वयात कळला. भाचीच्या निमित्ताने दोन्ही भाषांची प्राथमिक पुस्तके मी आणली आणि पहिल्याच धड्यात थबकले. जपानीत म्हणतात, ‘वाताशि वा गाक्को नि इकिमासु’. कोरियनमध्ये ‘चोनुन हाक्क्योए काम्निदा’. शब्द तेवढे बदला, दोन्ही वाक्ये सरळ ‘मी शाळेला जाते’ अशीच बसतात. कर्ता आधी, क्रियापद शेवटी आणि ‘ला’ शब्दाच्या पाठीशी चिकटलेला. ‘काल आलेला माणूस’ ही रचना इंग्रजीत नेताना आपण शाळेत किती अडखळलो होतो! जपानी मुलगा ‘किनो किता हितो’ म्हणतो, कोरियन मुलगा ‘ओजे ओन साराम’ म्हणतो. काल, आलेला, माणूस. तोच क्रम, तीच कृदंताची युक्ती. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलायचे, हेही आपल्याला शिकवावे लागत नाही. आजोबा ‘आला’ म्हणताच ज्याच्या पाठीत धपाटा बसलेला असतो, त्याला जपानी आणि कोरियन आदरार्थी रूपांचे मर्म लवकर उमगते, रूपे पाठ व्हायला वेळ लागला तरी. आणि एक जपानी वाक्प्रयोग तर मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘इत्ते किमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’.

लिप्यांमध्ये मात्र दोघींचे स्वभाव वेगळे. कोरियन लिपी राजा सेजोंग याने १४४३ मध्ये रचली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. त्यात २४ मूळ अक्षरे आहेत आणि व्यंजनांच्या आकृती उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात, कंठ कसे असतात यावरून घडवलेल्या आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग ज्यांनी लहानपणी घोकले आहेत, त्यांना तिची रचना पाहून ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. आठवड्याभरात ती वाचता येते. जपानी वर्णमालेचा आपल्याशी संबंध तर थेट आहे. तिचे स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि व्यंजने क, स, त, न, ह, म, य, र, व अशी. स च्या जागी आपला च आणि ह च्या जागी प घालून पाहा (पूर्वी तिथे तसाच उच्चार होता) म्हणजे हा आपलाच वर्णक्रम आहे हे दिसेल. सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंकडून तो तिकडे रुजला. पण तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. त्या ४६-४६ अक्षरांच्या दोन मालिकांपाठोपाठ चिनी चित्राक्षरे येतात आणि सर्वसाधारण व्यवहारासाठी ठरवलेली त्यांची यादीच २,१३६ अक्षरांची आहे. एकेका अक्षराचे दोन-तीन उच्चार. वर्ग सोडून जाणाऱ्यांतले बहुतेक या घाटात दम सोडतात, असे शिक्षक सांगतात. कोरियनचा घाट उशिरा येतो. लिपी पटकन आली म्हणून भाषा आली असे वाटते आणि मग अक्षराला अक्षर भिडताच उच्चार बदलतात, क्रियापदांच्या शेपट्या संपतच नाहीत, तेव्हा गती मंदावते.

एक दिलासा असा, की या दोन वाटा एकमेकींपासून फार दूर जात नाहीत. चिनीतून आलेले असंख्य शब्द दोघींत आहेत. ‘गाक्को’ आणि ‘हाक्क्यो’ वर आलेच. वचनाला एकीत ‘याकुसोकु’, दुसरीत ‘याक्सोक’. तयारीला तर दोन्हीकडे ‘जुन्बि’. एकीत पक्की झालेली व्यक्ती दुसरीत निम्म्या श्रमाने शिरते, असे दोन्ही शिकलेल्यांकडून ऐकले आहे. तेव्हा आज घेतलेला निर्णय जन्मभराचा नसतो.

भ्रमणध्वनीच सगळे भाषांतर करून देतो, मग शिकायचेच कशाला, असाही प्रश्न भाचीच्या आजोळी निघाला. तो निकालात काढण्यासारखा नाही. पानामागे पैसे घेऊन मी जी भाषांतरे करीत असे, ती आज यंत्र क्षणात करील आणि त्यातली बरीचशी माझ्याहून चांगली. ज्याला केवळ कागद या भाषेतून त्या भाषेत न्यायचे आहेत, त्याने या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पण परदेशी साहेबाने बैठकीत ‘पाहू या’ म्हटले ते होकाराचे की नकाराचे, हे ओळखणे अजून माणसाकडेच आहे.

माझ्या आईचा प्रश्न याहून साधा होता. “पोरगी तिथं खाणार काय?” ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि आमच्या घरांत हा प्रश्न पहिला येतो हे वाचकांना सांगायला नको. जपानी भाजीच्या रश्शात बहुधा ‘दाशी’ असते आणि ती अनेकदा सुकवलेल्या माशाची असते. कोरियन किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. दोन्ही देशांत बौद्ध मठांची शाकाहारी पाकपरंपरा आहे आणि तिच्यात कांदा-लसूणही वर्ज्य आहे. पण तसे हॉटेल प्रत्येक कोपऱ्यावर नसते. अशा वेळी ‘यात मासा आहे का’ एवढे न विचारता ‘रस्सा कशाचा काढला आहे’ असे नेमके विचारता येणे, हा भाषेचा सर्वांत निकडीचा उपयोग ठरतो. मोत्यांच्या व्यापारासाठी जपानच्या कोबे शहरात आपली कुटुंबे जाऊन राहिली. तिथे १९८५ मध्ये जिनमंदिरही उभे राहिले. ती मंडळी भाषा शिकली ती गल्ल्यावर आणि बाजारात. त्यांच्यापुढे जपानी की कोरियन असा प्रश्न कधी आलाच नसेल.

मध्यंतरी एक धडा आम्हाला फुकट मिळाला नाही. वहिनीने वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून एका जपानी वर्गात ५,००० रुपये आगाऊ भरले. ‘सहा महिन्यांत एन-३ आणि नोकरीची हमी’ असे त्यात म्हटले होते. आधी जे तासांचे गणित मांडले, त्याच्याशी हे ताडून पाहा. भाची दोन तास बसून आली. शिक्षिका स्वतः आदल्या वर्षी एन-४ झालेल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत. वर्गाचे नाव लिहीत नाही. पण नाव घालण्यापूर्वी शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी विचारण्यात संकोच करू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगते.

त्यानंतर मी भाचीपुढे एक तोडगा ठेवला. फी कोणालाच भरायची नाही. सहा आठवडे, पुस्तके माझी, रोज पाऊण तास एक भाषा. तीन आठवडे जपानी, तीन आठवडे कोरियन. शेवटी आवडनिवड बोलायची नाही. ज्या दिवशी महाविद्यालयात फार दमणूक झाली, त्या दिवशीही वही उघडली गेली का, एवढे कॅलेंडरवर टिपायचे. तिने प्रामाणिकपणे केले. जपानीच्या एकवीस दिवसांत तेरा खुणा पडल्या. कोरियनच्या एकवीस दिवसांत वीस, आणि विसावी अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्रीची होती.

ते कॅलेंडर मी भावाला पाठवले. सोबत माझे मतही कळवले, की खुणा काहीही सांगोत, पुण्यात राहणाऱ्या यंत्र अभियंत्याला जपानीच अधिक सुरक्षित आहे. माझे ते मत आजही बदललेले नाही. भावाने मात्र आपल्या धंद्याच्या भाषेत उत्तर दिले. “अक्का, जो माल पेठेत सगळ्यांनी भरलाय, त्याच्यात नफा पातळ असतोय. कोरियन जाणणारे इंजिनियर पुण्यात किती असतील?” मी म्हटले, “अरे, दुकाने कमी आहेत ती गिऱ्हाईक कमी आहे म्हणून, असेही असू शकते.” “असेल,” तो म्हणाला, “पण न खपणारा माल पडून राहतो तसा न आवडणारा मालही पडून राहतो. तुझं रशियन पडूनच आहे की.”

यावर मला बोलता आले नाही. ठरले ते असे. भाची कोरियन शिकणार. पदवी हातात येईपर्यंत टोपिकची तिसरी पातळी गाठायची. न गाठल्यास पुढचा खर्च बंद आणि रडारड नाही. ही अट भावाने वहीत लिहून खाली तिची सही घेतली.

आता एक घरचे. माझी आई अथणीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होते. सीमाभागातल्या आपल्या कित्येक घरांप्रमाणे सासरीही जुनी माणसे कन्नडच बोलत. आमच्या वेळी वडिलांनी ठरवले, की मुलांना पुढे मराठीचा आणि इंग्रजीचा उपयोग आहे, कन्नडचा नाही. हेतू चांगलाच होता. आई आमच्याशी मराठीत बोलू लागली आणि तिचे कन्नड फक्त मावशीशी गप्पा मारण्यापुरते उरले. मावशी गेली त्यालाही आता नऊ वर्षे झाली. भाऊ दुकानात बसू लागला तेव्हा अथणी, रायबागची गिऱ्हाइके येत. त्यांच्याशी बोलता बोलता तो तिशीत कन्नड शिकला, आणि तेही आईकडून नव्हे. मला आजही येत नाही.

संक्रांतीला पुन्हा सगळे जयसिंगपूरला जमलो होतो. भाची संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघाली. पायांत चपला सरकवून ती उंबऱ्यात वळली आणि आजीकडे पाहून काहीतरी म्हणाली. ‘तान्यो ओगेस्सुम्निदा.’

“काय गं ते?” आईने विचारले.

“आजी, कोरियात घरातून निघताना असं म्हणतात. जाऊन येते.”

आई तिच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग अंगणातल्या कोणालाही न समजणाऱ्या सहजतेने, भाऊ सोडून, म्हणाली, “होगि बा.”